निवडून उरलेली बाटली

माझी सून परक्या माणसासमोर हसली. गालातल्या गालात हसली असती तर मी सोडून दिलं असतं, पण ती चांगली दात दिसतील अशी हसली, आणि हातातला ट्रे हलून चहा बशीत सांडला. माझ्या मुलाच्या वर्षश्राद्धाला तेव्हा पंधरवडाही उरला नव्हता. बरं, हसली कुणाला, तर मला.

मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. समोर खुर्चीत उदय थेटे. हा वाइनच्या कंपनीचा माणूस. आमच्या कादवाकाठच्या गावांत कंपनीसाठी लावलेल्या बागा बघत फिरायचं त्याचं काम. माझ्या हेमंतनं हौसेनं खालच्या तुकड्यात ती वाइनची द्राक्षं लावली होती. बारीक मणी, काळे, बियांचे, तोंडात टाकले तर जीभ आखडते. बाकीची सगळी बाग खायच्या द्राक्षांची, जहाजानं बाहेरदेशी जाणारी. हेमंतचे वडील आधीच गेलेले. मग हेमंतही पिंपळगावच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला आणि घरात उरलो मी आणि माझी सून अरुणा. मूलबाळ नव्हतं. पण बाग तिनं एक दिवस पडू दिली नाही. औषधं, मजूर, व्यापारी, सगळं अंगावर घेतलं. मी ओट्यावर बसून तिच्या चुका काढायची. दोघींचं बरं चाललं होतं.

थेटेची जीप आमच्या दारी यायची. वेलीला घड असताना यायची ते ठीक, पण छाटणी झाल्यावर नुसत्या काड्या उरलेल्या असतात तेव्हाही यायची. वय चाळिशीच्या आसपास, बायको सोडून माहेरी गेलेली आणि काडीमोड झालेला. मला डोळे होते. मी दर वेळी त्याला चहा पाजायची आणि दर वेळी खुर्ची दारापासून लांब टाकायला सांगायची.

तर त्या दिवशी तो फ्रान्सचं सांगत होता. तरुणपणी तिथल्या एका मोठ्या नावाजलेल्या वाइनच्या घरी त्यानं कामं केली होती आणि त्या हिवाळ्यात पुन्हा जाऊन आला होता. त्या घराचं नाव त्यानं मला तीनदा सांगितलं, शातो अमुक, पण माझ्या जिभेवर ते काही बसलं नाही. लाल वाइनमध्ये त्या घराचा मान फार, राजेरजवाडे वाट बघतात म्हणे. तिथली मालकीण म्हातारी, माझ्यापेक्षा थोर, रोज काठी टेकत बागेत यायची आणि कुणी वेल चुकीचा छाटला की त्याच्या पिंढरीवर काठी द्यायची. थेटेनं पण खाल्लेली. मला म्हणाला, ती बोलायची ते कळायचं नाही आक्का, पण शिव्या आहेत एवढं कळायचं, आणि शिव्या ऐकल्या की घरी आल्यासारखं वाटायचं.

"तेव्हा तुमची ओळख नव्हती," तो म्हणाला, "नाहीतर तिथंच म्हटलं असतं, अरे ही तर आमची भागाआक्का, लुगड्याऐवजी झगा नेसलीय."

ह्यावर अरुणा हसली.

मी लसणावरची मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं. तिचं हसू तिथल्या तिथं विझलं. ट्रे खाली ठेवून ती आत गेली. थेटेला वाटलं माझा राग त्याच्या बोलण्याचा आहे. त्यानं घाईघाईनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, उलगडलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. काळसर हिरवी बाटली, वर साधा पांढरा कागद.

"त्याच घरची आहे, आक्का. त्यांची सेकंड वाइन."

मी विचारलं, सेकंड म्हणजे काय. आता हा माणूस खोटं बोलू शकला असता. घरची आहे, घ्या, एवढं म्हणून गप्प बसला असता तर मला काय समजणार होतं? पण त्यानं सरळ सांगितलं, की त्या घरची पहिली वाइन वेगळी, तिच्यावर घराचं नाव असतं. तिच्यासाठी फार कसून निवड करतात. त्या निवडीत जी बसत नाही तिची ही दुसरी करतात आणि तिला दुसरं नाव देतात.

"म्हणजे निवडून उरलेली," मी म्हटलं.

"तसं म्हटलं तर तसंच. पण आक्का..."

त्याच्या पणच्या पुढचं मी ऐकलं नाही.

आमच्याकडं द्राक्षाचा माणूस लहानपणापासून एकच विद्या शिकतो, ती म्हणजे निवडायची. पॅकहाऊसमध्ये बायका ओळीनं बसतात. सारख्या मण्यांचा, सारख्या रंगाचा, बिनडागाचा घड बाहेरदेशी. जरा मणी बारीक, जरा रंग कमी, तो लोकल. तडकलेलं, डागाळलेलं, गळालेलं बेदाण्याला. आता पाहुण्याला कोणतं द्यायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. सोयऱ्याच्या घरी द्राक्षं पाठवायची तर बाहेरदेशी जाणाऱ्या खोक्यातली पाठवायची, मग एक खोकं कमी भरलं तरी चालेल. एकदा आमच्या गावात एकानं व्याह्याला लोकल माल पाठवला. व्याह्यानं काही न बोलता ते खोकं त्याच्याच गाडीच्या टपावर ठेवून परत लावून दिलं, आणि त्या दोन घरांत पुढं पाणी प्यायचंही नाव राहिलं नाही. असलं आमचं शास्त्र. आणि हा माणूस माझ्या ओट्यावर बसून, माझ्या तोंडावर, दोन नंबरचा माल दोन्ही हातांनी देत होता.

मी उठले. गुडघे धरून उठावं लागायचं तेव्हाही, पण त्या दिवशी कशी उठले कुणास ठाऊक. पॅकहाऊसमध्ये जाऊन बेदाण्याच्या ढिगातला माल एका क्रेटमध्ये भरायला लावला. फुटलेले घड, काळे पडलेले मणी, वर माशा. दोन बायकांना धरायला लावून ते क्रेट त्याच्या जीपमध्ये ठेववलं. तो ओट्यावरून बघत होता. अरुणा दारात येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही दोन नंबरचा आणला, आम्हीही दोन नंबरचा दिला," मी म्हटलं. "फिटंफाट."

तो जीपजवळ गेला. मला वाटलं रागावेल, क्रेट खाली टाकेल. माझी तशी तयारी होती, दोन शब्द जास्तीचे काढून ठेवले होते. त्यानं क्रेटमधला एक मणी उचलला, शर्टाला पुसला आणि तोंडात टाकला.

"गोड आहे, आक्का," म्हणाला आणि गाडी चालू करून निघून गेला.

अरुणानं कप उचलले. त्याचा चहा अर्धा राहिला होता. बाटली ओट्यावर तशीच होती. मी म्हटलं, ही कोठीत टाक गोणपाटाखाली, माझ्या नजरेला नको. तिनं टाकली.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं बोलणं कमी झालं. भांडण म्हणाल तर नाही. अरुणा भांडणारी पोर नव्हतीच. विचारलं की उत्तर द्यायची. आई, जेवायला वाढू का. आई, गोळी घेतली का. त्याच्या पलीकडं काही नाही. आधी ती भाकरी थापताना बागेतल्या गमती सांगायची, कोणता मजूर कुणाशी भांडला, कुणाची सून कुठं गेली. आता नुसता भाकरीचा आवाज. मी मुद्दाम उकरून काढायची, भाजीला तेल जास्त झालं, गेट नीट लावलं नाही. ती म्हणायची, हो आई, चुकलं माझं. अशा माणसाशी काय भांडायचं? भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीचा निदान आवाज तरी येतो.

हेमंतचं वर्षश्राद्ध आलं. सगळे सोयरे जमले. अरुणा सकाळपासून चुलीशी होती. पंगत बसली तशी माझी नणंद सखूबाई माझ्या शेजारी बसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "भागे, नशीब काढलंस. तुझ्या सुनेचे दात अजून कुणी पाहिले नाहीत. आमच्या घरातल्या पाहा, नवरा जिवंत असून ह्या दिवसभर फिदीफिदी."

पूर्वी असं कुणी बोललं की माझी मान ताठ व्हायची. मी म्हणायची, संस्कार असतात एकेका घरचे. त्या दिवशी घास तोंडातच फिरत राहिला. अरुणा समोरच वाढत होती, वरणाचं भांडं हातात घेऊन. तिनं ऐकलं. तिनं सखूबाईच्या पानात वरण वाढलं, मग माझ्या पानात वाढलं, आणि पुढच्या पानाकडं गेली. मी तिच्याकडं बघितलं तेव्हा तिची मान खालीच होती. हे कौतुक तिचं चाललंय असं वाटत नव्हतं, मेलेल्या माणसाचं चालतं तसं चाललं होतं.

मग वाइनच्या तुकड्याची तोडणी निघाली. ही द्राक्षं उन्हं वर यायच्या आत तोडावी लागतात, म्हणून सगळे पहाटेच बागेत. कंपनीकडून थेटे आला नाही. एक पोरगेलासा साहेब आला, गॉगल लावून. गोडी बघायची नळी त्यानं उलटी धरली होती, ती मीच सुलटी करून दिली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आमचे नेहमीचे साहेब कुठं गेले. तो म्हणाला, थेटेसाहेबांनी बदली मागून घेतली, अकलूजकडं, महिनाअखेर जातील.

अरुणा पलीकडच्या ओळीत घड कापत होती. मध्ये पानं होती, पण तिचे हात मला दिसत होते. कात्री थांबली नाही. घड कापायचा, क्रेटमध्ये ठेवायचा, पुढचा. ओळ संपली तशी तिनं दुसरी धरली, मग तिसरी. बायका न्याहारीला बांधावर बसल्या, तिला हाका मारल्या, ती आली नाही. मी तिची भाकरी फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. तिनं घेतली, कनवटीला खोचली आणि पुन्हा कात्री चालवायला लागली. संध्याकाळी धुणं भिजवताना ती भाकरी मला तिच्या लुगड्यात तशीच सापडली.

हंगाम सरला. शेवटचा कंटेनर गेला, पॅकहाऊस झाडून रिकामं झालं, बायका आपापल्या घरी गेल्या. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीला अजून अवकाश होता. असे दिवस द्राक्षाच्या घरात फार थोडे असतात, हाताला काम नसलेले, आणि त्या वर्षी ते मला खायला उठले. दुपारी ऊन चढलं की मी कोठी आवरायला घेतली. गोणपाट उचललं आणि ती बाटली हाताला लागली. म्हटलं, घरात अवदसा कशाला, राखणदाराला देऊन टाकू, तो पिऊन तरी टाकेल.

बाटली घेऊन मी दाराकडं निघाले तर अरुणा आडवी उभी.

"ती ठेवा, आई."

"कशाला?"

"माझ्यासाठी आणली होती ती."

दोन महिन्यांत ती माझ्याशी हो आणि नाहीच्या पलीकडं पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. पण ती दारातून हललीही नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी, बरं वाटल्यासारखं. भिंतीतून आवाज आला होता.

"तुझी आहे तर पी," मी म्हटलं. "गोणपाटाखाली ठेवून काय तिला पिल्लं होणार आहेत?"

"एकटीनं प्यायला मी काय दारुडी आहे?"

"मग मी आहे?"

"दोघींनी प्यायली तर कोण कुणाला नाव ठेवणार?"

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिनं पुढचं दार लावून घेतलं. बाटलीचं बूच काही निघेना. त्याचं हत्यार असतं म्हणे, ते आमच्याकडं कुठलं. सुरीनं कोरून बघितलं, तारेनं ओढून बघितलं. शेवटी मी रवी घेतली, तिचा दांडा बुचावर टेकवला आणि वरून बत्त्यानं ठोकलं. बूच आत गेलं आणि लाल चूळ उडावी तशी माझ्या अंगावर उडाली. अरुणानं ओठ दाबून धरले. दोन स्टीलची फुलपात्रं घेऊन तिनं दोन्हींत थोडी थोडी ओतली.

मी जन्मात कधी घेतली नव्हती. पहिला घोट लागला तो नुसता तुरट, हिरव्या सुपारीसारखा, हिरड्या धरणारा. मी फुलपात्र खाली ठेवलं. म्हटलं, ह्याच्यासाठी राजेरजवाडे थांबतात होय. अरुणा म्हणाली, जरा हलवा, वारं लागू द्या, मग घ्या, थेटेसाहेब तसंच सांगतात. मी ताक घुसळल्यासारखं फुलपात्र गोल फिरवलं आणि नाक खाली नेलं.

आता दर दिवाळीला घरात एक बाटली येते, त्यामुळं मला ह्यातलं थोडंफार कळतं. पण तो पहिला वास मी विसरले नाही. आधी करवंदं आली, जाळीतून नुकती काढलेली, चीक लागलेली. मग देवदारी खोक्याचा वास, पूर्वी द्राक्षं मुंबईला लाकडी खोक्यांतून जायची तेव्हा अख्खं घर त्या वासानं भरायचं. मग शिसपेन्सिल. मी शाळेत गेले ती बिगारी आणि पहिली, पण पेन्सिलीला टोक काढल्यावरचा तो वास नाकात कुठं बसून राहिला होता कोण जाणे. मग अजून एक वास आला, आणि तो ओळखायला मला वेळ लागला, कारण तो वाइनमध्ये असेल असं मनातच येत नव्हतं.

"अगं," मी म्हटलं, "ह्यात तुझ्या सासऱ्याची चंची बुडवलीय."

अरुणानं नाक खाली नेलं. "तंबाखू," ती म्हणाली. "खरंच की."

मग मी तिला सांगितलं, की डॉक्टरांनी तंबाखू बंद केली तेव्हा तिचे सासरे चंची बाजरीच्या पिठात लपवायचे, आणि मला वाटायचं पिठाला काय वास लागला, म्हणून मी दर आठवड्याला पीठ शेजारणीला देऊन टाकायची. शेवटी शेजारीण म्हणाली, भागाबाई, तुमच्या भाकरीनं आमच्या ह्यांना गरगरतंय. अरुणा हसायला लागली. तिचं बघून मीही. म्हाताऱ्या बाईनं हसू नये तसं हसले, डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं तर पदरावर वाइनचे डाग, ते बघून पुन्हा हसू. दुसऱ्यांदा ओतली तेव्हा ती तुरट लागली नाही. जिभेवरून मऊ गेली आणि गेल्यावरही जरा वेळ तिथंच बसून राहिली.

हेमंतचा फोटो आतल्या खोलीत होता, आम्हाला दिसतही नव्हता. तरी हसता हसता दोघींनी एकदमच आतल्या दाराकडं बघितलं. चोरी करताना पाऊल वाजलं की माणूस बघतो, तसं. स्वतःच्या पोराची मला चोरी वाटली. हातातलं फुलपात्र कुठं ठेवावं कळेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, एवढी चांगली आहे तर तिला दुसरी कशाला म्हणतात.

अरुणानं सांगितलं. थेटेनं तिला बागेतच कधीतरी सांगितलं होतं. त्या घरी सगळ्या वेलींना सारखीच माया असते, छाटणारे हात तेच, माती तीच. वेली तरुण असल्या तर त्यांची द्राक्षं शक्यतो दुसरीत जातात. पण वाइन झाल्याशिवाय कुणालाच पक्कं माहीत नसतं कोणतं पिंप कुठं जाणार. हिवाळ्यात घरातली माणसं बसून एकेक पिंप चाखतात. जी वाइन दहा-वीस वर्षं बंद राहू शकेल ती पहिली. जी लवकर मोकळी होईल ती दुसरी. वाईट निघालेली दुसरीतही जात नाही, तिला त्या घराचं नावच लागत नाही.

"मग हे त्यानं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगू कुठं दिलंत."

हे खरं होतं.

"मी फोनवर विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली, "की पहिली का नाही आणली. ते म्हणाले, ती ठेवून द्यावी लागते. आत्ता उघडली तर वाया जाते. पुष्कळ लोक ठेवून ठेवून उघडायच्या आधीच जातात. म्हणाले, ठेवलेलं तुमच्या घरात आधीच पुष्कळ आहे. आत्ता प्यायची अशी आणली."

ती फुलपात्राच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"आई, त्या दिवशी मी हसले," ती म्हणाली. "श्राद्ध तोंडावर आलेलं आणि मी खदाखदा हसले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेव्हा मलाच माझी शरम वाटली. मग तुम्ही ते क्रेट भरलंत. मला वाटलं, बरं झालं. माझ्याच तोंडात मारलीत, आणि ते पाहिजेच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. क्रेटमधली निम्मी द्राक्षं खाल्ली म्हणाले. पुन्हा येऊ का, विचारलं. मी म्हटलं, येऊ नका."

"येऊन काय करणार होता?"

"तुम्हाला विचारायला आले होते ते. त्या दिवशी त्यासाठीच आले होते. मला दिवाळीतच विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आईंना विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही. मग तुम्ही न विचारताच सांगितलंत."

मला आठवत होता तो माणूस दोन्ही हात पुढं करून उभा असलेला. सोयरा दाराशी येतो तो रिकाम्या हातानं येत नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं का? जीप दारात थांबली की माझी लसणाची पाकळी हातातून निसटायची. ती वाइन पहिली असती, त्याच्या घरच्या देव्हाऱ्यातलं सोनं असतं, तरी मी काहीतरी खोट काढलीच असती. त्यानं बिचाऱ्यानं स्वतःहून खोट सांगितली आणि माझं काम सोपं केलं.

अरुणा म्हणत होती की महिनाअखेर ते जातील आणि मग हा विषयच राहणार नाही. खरड छाटणीला मजूर सांगायला हवेत. वरच्या तुकड्याला औताची एक पाळी घालायला हवी. तुमची गोळी संपत आलीय, उद्या दिंडोरीला गेले की घेऊन येते. असं ती एकेक बोलत होती, आणि बोलताना मोजून मापून श्वास घेत होती, तोडणीच्या दिवशी कात्री चालवत होती तसंच. मी आमच्या घराकडं बघितलं. उद्या ही गेली तर सकाळी मला आई म्हणून कोण उठवणार, गेटला कुलूप लावलं का हे कुणाला विचारणार, कुणाच्या चुका काढणार. पॅकहाऊसइतकं मोठं घर आणि त्यात मी.

मी बाटली उचलली आणि उरलेली दोघींच्या फुलपात्रांत सारखी ओतली. ती नको नको म्हणत होती. मी तिचा हात बाजूला केला.

"अरुणा, वर बघ," मी म्हटलं. "हसलीस त्यात तुझी चूक नाही. चूक तुझी दुसरीच आहे, आणि मोठी आहे. मी म्हातारी बाई, एकटी पडायला भिते. मी आडवी येणारच, खोट काढणारच, चारचौघांत तमाशा करणारच, त्यात नवल काय? पण तू एवढी बाग राखलीस. व्यापाऱ्याचं ऐकलं नाहीस, मजुरांचं नाही, माहेरी चल म्हणणाऱ्या तुझ्या भावांचं नाही. आणि आयुष्याचा प्रश्न आला तेव्हा, पोरी, तू माझं ऐकलंस कशाला?"